क्रांतीचा मसुदा आणि अकरा बाया

३ मार्च, सोमवार
इस्पितळाच्या धुलाई विभागातल्या अकरा बायांना महिनाअखेर नारळ मिळणार. त्यात आमची हीसुद्धा, नऊ वर्षं इस्त्रीवर आहे. मी शेजारच्याच स्टोअरमध्ये क्लार्क. ठरलं! व्यवस्था मुळासकट उपटायची. आजपासून जाहीरनामा. प्रकरण पहिलं : मालकी म्हणजे काय.

५ मार्च
ही विचारते, मॅनेजरला एक अर्ज लिहून देता का. साफ नकार दिला. अर्ज म्हणजे शरणागती. वर्गजाणीव शून्य!

१० मार्च
जेवणाच्या सुट्टीत बायांना भांडवलशाही समजावली. सुट्टी अर्ध्या तासाची, प्रस्तावनेतच संपली. त्यांची मुकादम मध्येच विचारते, सगळ्यांनी मिळून काम बंद केलं तर? म्हटलं, हा उतावळेपणा झाला, आधी परिस्थिती परिपक्व व्हायला हवी. ती म्हणाली की तोवर आम्ही उपाशी मरू. आगाऊ बाई. दोघी तर डबे उचलून चालत्या झाल्या. शत्रू आपल्यातच असतात.

१६ मार्च, रविवार
मसुदा पान ४१. दुपारी वाचून दाखवला. ही तिसऱ्या पानाला घोरायला लागली. मेहुण्याने विचारलं, दाजी, ताईची नोकरी कितव्या पानावर येते? बांडगूळ मेला.

१८ मार्च
ही उद्याचं काहीतरी सांगत होती. मी तळटिपांत होतो. हूं म्हटलं.

१९ मार्च
सकाळी आठलाच पोचलो, तेव्हा झेरॉक्स मशीन मोकळं असतं. गेटवर सगळ्या बाया, वॉर्डबॉय, स्टोअरवालेसुद्धा. मला बघून एकच ओरडा झाला. हात उंचावून स्वागत स्वीकारलं आणि आत गेलो. चाळीस प्रती काढल्या. धुलाईत, स्टोअरमध्ये चिटपाखरू नाही. धुतलेल्या चादरींविना ऑपरेशनं थांबली, दुपारी दोनला मॅनेजर वाकला. बाहेर आलो तर प्रत घ्यायला कुणी हात पुढे करेना. कृतघ्न!

२० मार्च
मॅनेजरने केबिनमध्ये बोलावलं. काल धुलाई-स्टोअरच्या हजेरी मशीनवर एकच अंगठा होता म्हणे, माझा. चहा पाजला आणि सहायक व्यवस्थापक केलं. नाही म्हणणारच होतो, पण तोंडात बिस्किट होतं. नंतर शांतपणे विचार केला. आतून पोखरणं हीच श्रेष्ठ रणनीती.

२१ मार्च
कराराच्या सह्या. अकराही जणी कायम. मॅनेजमेंटतर्फे मी, समोर ही. एकदा तरी हसेल असं वाटलं होतं. फार वाटलं होतं. हिने सही केली, कागद माझ्याकडे सरकवला आणि म्हणाली की साहेब, तुमची इथे.
केली. निघताना हळूच विचारलं, बरोबर जाऊ या का घरी. म्हणाली की साहेबांनी व्हावं पुढे, आम्ही बाया येतो मागून.
पुढे झालो.