काडीची कोकरं

२ सप्टेंबर

आज दिवसभर लेंड्या! लेंड्या चुरडा, मिठाच्या पाण्यात कालवा, गाळा, काचेवर घ्या, सूक्ष्मदर्शकाला डोळा लावा, जंतांची अंडी मोजा. जेवताना नवऱ्याने विचारलं, "आज काय केलंस?" मी तोंड उघडलं तर घाईघाईने म्हणाला, "नको, राहू दे, मी जेवतोय." इतक्या वर्षांच्या संसारात एवढं तरी शिकला!

पण मी जाम खूश आहे. काडीची कोकरं स्वच्छ आहेत! काच लावावी आणि आत काहीच नसावं. एखाददुसरं अंडं, बस्स.

काडी म्हणजे आमच्या मेंढीफार्मवरचा हडकुळा एडका. चालतो तेव्हा वाटतं, आता मोडला. दुसरा पैलवान. ही रुंद छाती, ही लोकर! पाहुणे आले की साहेब त्याच्याबरोबर फोटो काढून घेतात. काडीबरोबर आजवर कोणी फोटो काढलेला नाही. पण पैलवानाला दर मोसमात जंताचं औषध पाजावं लागतं आणि काडीला एकदाही लागलेलं नाही. जंतांना पाय नसतात, पण असते तरी काडीच्या आतड्यात ते रोवता आले नसते.

माझं म्हणणं कधीपासून एकच आहे — ही ताकद रक्तातली आहे, बापाकडून पोरांकडे जाते. म्हणून तर एवढा खटाटोप. अर्ध्या मेंढ्या काडीच्या कप्प्यात ठेवल्या, अर्ध्या पैलवानाच्या. कोकरं झाली, ती सगळी एकाच कुरणात चरली. गवत तेच, गवतावरच्या जंतांच्या अळ्या त्याच, औषध कोणालाच नाही. फरक फक्त बापाचा.

महिनाअखेर साहेब एकच एडका ठेवणार. दुसरा बाजारात, म्हणजे खाटकाकडे.

४ सप्टेंबर

पैलवानाची कोकरं घेतली. पहिल्याच काचेवर अंडीच अंडी! अंडी बघून टाळ्या पिटणारी बाई जगात मी एकटीच असेन.

५ सप्टेंबर

घोळ! पैलवानाची सगळी भरलेली नाहीत. काही काचा साफ रिकाम्या. पुन्हा केल्या. पुन्हा रिकाम्या!

मेंढपाळकाकांना विचारलं, "कोणाची दया येऊन औषध पाजलंत का?" म्हणाले, "बाई, औषधाच्या कपाटाची किल्ली तुमच्याच गळ्यात आहे." खरंच होती.

८ सप्टेंबर

साहेबांना आकडे दाखवावेच लागले. चष्मा वर करून म्हणाले, "पैलवानाचीही पोरं स्वच्छ निघाली की! मग रक्त-बिक्त काही नाही. नशिबाचा भाग. दिसायला बरा आहे तो ठेवू." काडीला न्यायला गाडीवाल्याला सांगूनही ठेवलंय.

बापाने फरक पडतो, असं मी म्हणत होते, आणि इथे एकाच बापाची काही पोरं भरलेली, काही कोरी. घरी येऊन मोरीत पाणी सोडून रडले. मग भूक लागली. जेवले. पुन्हा थोडं रडले. काडीला खाटकाकडे पाठवायचं म्हणजे माझ्याच्याने बघवणार नाही.

९ सप्टेंबर

सासूबाई आल्यात. "तुझी पोरं दाखव," म्हणाल्या, म्हणून फार्मवर नेलं. माझं तोंड उतरलेलं, पण त्यांना त्याचं काय! कुंपणाला टेकून सुरू — याचं कपाळ आईसारखं, हा झोपाळू, तो अगदी तुझ्या नवऱ्यासारखा रुसून बसलाय. (बसला होता खरा!) बाळ बघायला गेल्या की पाळण्याशी उभं राहून हेच चालतं त्यांचं. नातवाचं नाक कोणाचं यावरून त्यांचं आणि माझ्या आईचं अजून बोलणं बंद आहे.

मग दोन्ही एडके बघितले आणि परत कोकरांकडे वळल्या. "अगं, हे पैलवानाचं म्हणालीस ना? मग कान असा का पडलाय? त्याचे तर ताठ आहेत. तिचाही पडलेला. त्या पलीकडच्याचाही."

मी हसले. "आई, माणसांचं सोडून आता मेंढ्यांचीही लग्नं मोडताय?"

आणि मग वाकून नीट बघितलं. पडका कान आमच्याकडे एकाच एडक्याचा. काडीचा! जन्मल्यापासून ही पोरं माझ्या डोळ्यांसमोर आहेत, आणि मी त्यांना बघते कुठून? मागून! डबी धरून, लेंडीची वाट बघत. तोंडाकडे कधी नीट बघितलंच नाही!

१० सप्टेंबर

सकाळीच काकांना गाठलं. "खरं सांगा, काडी कधी पैलवानाच्या कप्प्यात गेला होता?"

काका टोपी काढून डोकं खाजवायला लागले. तिथेच कळलं!

"एकदा पहाटे दिसला, बाई. पैलवान कोपऱ्यात घोरत होता आणि हा नवरदेवासारखा मधोमध उभा. फळी निसटली होती. उचलून आणला, फळी ठोकली."

"मला का नाही सांगितलंत?"

"तुमचा आवाज लई मोठा आहे."

मी अशी ओरडले की अख्खा कळप पळाला. मग हसत सुटले. मग काकांना मिठीच मारली! बिचारे लाजून गोठ्याआड गेले. अहो, सोन्यासारखी चूक केलीत!

पण कानावरून बाप ठरवणं सासूबाईंना शोभतं, मला नाही. पैलवानाच्या कप्प्यातल्या सगळ्या कोकरांचं रक्त काढलं, दोन्ही एडक्यांचंही, आणि डीएनएवरून बाप शोधायला प्रयोगशाळेत पाठवलं. नुसते नंबर. कोण भरलेलं, कोण कोरं, तिथल्या मुलीला चकार शब्द सांगितला नाही.

साहेब म्हणाले, "महिनाअखेरीच्या आत आलं तर बघू. गाडी काही थांबणार नाही."

१७ सप्टेंबर

काडीने माझ्या कोटाची बाही खाल्ली. खा बाबा, खा.

२४ सप्टेंबर

अजून काही नाही. मीच फोन करून करून त्या मुलीला पिडतेय. "ताई, घाई केली तर चुकेल." शहाणी आहे पोरगी. मला असं कोणी सांगितलं असतं तर भांडले असते.

सासूबाई रोज संध्याकाळी फोनवर विचारतात, "माझ्या पडक्या कानांचं काय झालं?" त्यांच्या भिशीमंडळातही विषय निघालाय म्हणे. अख्ख्या भिशीला आमच्या एडक्याचं लफडं माहीत झालंय!

२८ सप्टेंबर

गाडी परवा येणार. काकांनी काडीला आंघोळ घातली. मीही थोडा साबण लावला.

२९ सप्टेंबर

आलं! पैलवानाच्या कप्प्यातली कोरी कोकरं काडीची. भरलेली सगळी पैलवानाची. पैलवानाची एकच पोरगी कोरी निघाली. गुणाची आहे, तिलाही जपीन. साहेबांनी दोनदा वाचलं, मग स्वतःच गाडीवाल्याला फोन केला, "येऊ नकोस."

कोणतं कोकरू कोणाचं, हे आमच्यापैकी एकालाही माहीत नव्हतं. जंतांना माहीत होतं!