बासष्ट अंगठे आणि एक ओटा

११ ऑगस्ट

बासष्ट सह्या-अंगठे! चौदा तारखेच्या महिला ग्रामसभेच्या हजेरीचे — आज अकरालाच! शिपाई मलप्पामामा घरोघर वही फिरवून आले. म्हणे दरसालचा रिवाज आहे, बाया येतच नाहीत, उगं कशाला ताटकळायचं.

मी इथं ग्रामसेविका होऊन सात महिने झाले. पानावर लाल शाईने आडवी रेघ मारली, ‘रद्द’ लिहिलं, सही केली. सरकारी वही — चुकले तर नसेन?

१२ ऑगस्ट

आईचा उदगीरहून फोन. आमच्या घरात शाळेत गेलेली मीच पहिली, म्हणून तिला माझं सगळंच नवल. पण आज म्हणाली, “शिकलीस, नोकरी लागली, तुला कुणी अडवत न्हाई. मग हसत का न्हाईस गं?”

मी रद्द केलेल्या पानाचंच सांगत बसले.

१४ ऑगस्ट

दोन दिवस स्वतः दारोदार फिरले. चौऱ्याण्णव बाया आल्या!

मी हक्कांवर बोलले — मतदान, वारसा, घरावर दोघांचं नाव. बावीस मिनिटं. मग विचारलं, अजून काय हवं? शेवटी नीलम्मा उठल्या. सत्तरीच्या असतील.

“हक्क हायत की. घर माझ्या नावावर हाय. भूकंपानंतर सरकारनं दिलं, मजबूत हाय. पर जुन्या गावात दारापुढं ओटा होता. सांच्याला आमी बसत होतो. इथं रस्ते लई रुंद, घरं लांब लांब. तीस वर्सं झाली, मी कुणाजवळ बसले न्हाई. बसायला एक ओटा द्या.”

कुणी हसलं नाही. शिवणकाम करणाऱ्या हुसेनबी तेवढ्या म्हणाल्या, “लिवा मॅडम.”

लिहिलं. ‘ऐनवेळचे विषय’ खाली, नीलम्मांच्याच शब्दांत.

हक्क मिळाले की माणूस सुखी होतो, असं मी परीक्षेत लिहिलं होतं. पैकीच्या पैकी गुण मिळाले होते.

१५ ऑगस्ट

झेंडावंदनानंतर मुख्य ग्रामसभा. महिलांचा ठराव तिथं वाचावा लागतो. वाचला. सरपंच संगमेश्वरअण्णा म्हणाले, “बसायला ओटा? बायांना घरी कामं न्हाईत का?” हशा!

मी विचारलं — अण्णा, समोर महादेवाच्या पारावर आत्ता किती जण बसलेत?

सगळ्यांनी दारातून वळून पाहिलं. अकरा. त्यात अण्णांचे थोरले भाऊ, पाय पसरून. अण्णांनाच हसू आलं. ठराव मंजूर, ओट्याच्या जागेसकट!

आईला फोन केला. आज आधी मीच हसले.

३ सप्टेंबर

तालुक्याहून पत्र — ओटा कोणत्या योजनेत बसतो ते कळवा. ते रद्द पानही तपासतील का?

२१ सप्टेंबर

कोणत्याच योजनेत बसत नाही, म्हणजे पैसे नाहीत. हे कसं सांगायचं म्हणून चार दिवस नीलम्मांच्या दारावरून जायचं टाळलं. आज सांगितलं. त्यांनी एवढंच विचारलं, “जागा तर दिली न्हवं?”

दिली. ठरावातच आहे.

“मग दगडं आमी आनतो.”

१९ ऑक्टोबर

जुन्या गावात पडून राहिलेले दगड बायांनी आणले. टोपल्यांत, एकदा हुसेनबींच्या जावयाच्या टेम्पोत. नीलम्मांच्या जुन्या उंबऱ्याचा दगड कोपऱ्याला लागला. मलप्पामामा कुणी न सांगता सकाळ-संध्याकाळ सिमेंटवर पाणी मारतात. माझ्याशी मात्र अजून अर्धंच बोलतात.

माझ्या हातून एवढी चांगली गोष्ट कधी झाली नव्हती. माझ्या हातून तरी कुठं — मी फक्त लिहिलं. तरी ऊर भरून येतो. येऊ दे!

२ नोव्हेंबर

संध्याकाळी ओट्यावर गेले. रोज किती बाया बसतात ते अहवालासाठी टिपायचं, म्हणून वही-पेन घेऊन. मला पाहून बोलणं थांबलं. हुसेनबींनी सरकून जागा केली. नीलम्मा म्हणाल्या, “ती वही घरी ठिवून या, मग बसा.”

ठेवायला आले आहे. जाते.