लॅपटॉपचा गुरुवार

सोमवार, संध्याकाळ. कंधार.

मी मलाच म्हणते, म्हातारे, कमरेची किल्ली तू गावभर शोधतीस, हे काय ध्यानात ठेवणार? म्हणून सून मंदाकडून लिहून घेऊन राहिले.

उद्या मंदाची नोकरीची मुलाखत, लॅपटॉपवर. त्यासाठी ॲप घ्यायचं, तर ॲपचं दुकानच उघडेना. नांदेडहून तिचा नवरा, म्हणजे माझंच कार्टं, फोनवर खेकसलं, "तुला जमणार न्हाई, नाद सोड." मंदा रडकुंडीला आली.

मी विचारलं, "त्यात आज वार कोणता दिसतो?"

"गुरुवार, आत्याबाई."

गुरुवार? मग माझा सोमवारचा उपास कोण करून राहिलं? तारीख चुकली की असलं दुकान उघडत न्हाई; मंदाकडून तारीख नीट करून घेतली, दुकान उघडलं. लॅपटॉप वर्षभर कपाटात कोंडून त्याचं घड्याळ बंद पाडलं कोणी? त्यानंच. आणि बोलणी हिला!

मंदा, मुलाखत झाली की बसनं त्याचा डबा धाड. धपाटे न्हाई, नुसतं कारलं.