तळ्याच्या काठावर पिंकीला विचारावे

मी, श्रीमती चंद्रावती काळुराम घरत, वय वर्षे अडुसष्ट, शिक्षण चौथी, धंदा पूर्वी मिठागरावर मजुरी व हल्ली घरीच, राहणार मौजे खारजांभळे, तालुका पेण, जिल्हा रायगड, हे मृत्युपत्र कोणाच्याही दडपणाखाली न येता लिहून ठेवते. माझे डोके ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत, पण या कामाला गुडघे लागत नाहीत असे वकिलांनी सांगितले.

१. राहते घर, पोस्टातली शिल्लक व गळ्यातली बोरमाळ माझी एकुलती मुलगी जनी, राहणार रोहा, हिला मिळावी. तळे मात्र तिला देत नाही. जावई गोविंदा यांनी माझ्याच ओटीवर बसून, माझाच चहा पिताना, "तळं बुजवून कंपनीच्या कामगारांसाठी खोल्या काढू" असे म्हटले होते. जनीने वाईट वाटून घेऊ नये. तिने त्यांना पसंत केले तेव्हा मी गप्प बसले होते, आता तिने बसावे.

२. मीठ ओढायचे लाकडी फावडे ज्याला हवे त्याने न्यावे. कोणाला नको असल्यास चुलीत घालावे. त्याने माझी कंबर मोडली, माझा त्याच्यावर जीव नाही.

३. घरामागचे तळे माझ्या यजमानांनी स्वतः खणले व सातबाऱ्यावर माझे एकटीचे नाव लावले. हे तळे मी शेजारी नितेश यांची मुलगी पिंकी, वय वर्षे नऊ, हिला देत आहे. ती सज्ञान होईपर्यंत तिची आई रंभा हिने ते सांभाळावे. शेजारणीच्या पोरीला तळे दिले म्हणजे म्हातारीला चळ लागला, असे कोणी कोर्टात म्हणू नये, म्हणून कारण सविस्तर लिहिते.

या तळ्यात मी एक जिताडा मासा वाढवला होता. खाडीतून आणला तेव्हा बोटाएवढा होता. पुढे मी काठावर भांडी घासायला बसले की जवळ यायचा. यजमान गेल्यावर घरात माझी वाट बघणारे तेवढेच उरले होते, हेही लिहिते.

गेल्या वर्षी माघात तो चोरीला गेला. भर दुपारी, गाव कामावर असताना. त्याच आठवड्यात गावकीचे अध्यक्ष श्री. कमळाकर ठाकूर यांच्या मुलीचा साखरपुडा झाला. पाहुण्यांना माशाचे कालवण होते, गावालाही होते. माझे गुडघे धरले होते म्हणून मी गेले नाही, तर त्यांच्या पत्नी सीताबाई यांनी मुंडके मानाने घरपोच पाठवले. मी ते चाटूनपुसून खाल्ले आणि सीताबाईच्या हाताला चव आहे असा निरोपही दिला.

दुसऱ्या दिवशी तळे रिकामे दिसले. मी गावकी बोलावली. अध्यक्षस्थानी अर्थातच श्री. कमळाकर. त्यांनी चोराचा कडक निषेध केला. कोणी काही पाहिले आहे का, असे विचारल्यावर सगळा गाव आपापल्या पायाचे अंगठे बघू लागला. जेवले सगळेच होते.

तेव्हा पिंकी उठली. चोरीच्या दिवशी तिला गालगुंड झाले होते, म्हणून शाळेला न जाता ती खिडकीत बसून होती.

"कमळाकरकाकांनी नेला. मासं धरायचा पाग आमच्या पडवीतला नेला, आणि वल्लाच परत टांगला."

श्री. कमळाकर हसून म्हणाले, "पोर हाय. बगला बघितला असंल. बगल्यानं नेला."

"बगल्याला मिशी नसते," पिंकी म्हणाली. मग माझ्याकडे वळून, "आजी, मुंडकं तुमच्याकडंच तर आलंवतं."

मी आयुष्यात इतकी हसले नव्हते आणि इतकी रडलेही नव्हते.

गावकीने ठरवले की पोरीने कान धरून "बगळाच होता" असे म्हणावे. नितेश धरमतरच्या जेट्टीवर मजुरी करतो, स्वभावाने मऊ. पण तो म्हणाला, "माजी पोर खोटं बोलनार नाय." म्हणून ते घर वाळीत टाकले. त्यांच्याशी जो बोलेल तोही वाळीत. दुकानात सामान नाही, गिरणीवर दळण नाही. मला वाळीत टाकायची मात्र कोणाची छाती झाली नाही, कारण गावचे सगळे गणपती माझ्याच तळ्यात विसर्जित होतात. मी बोलत राहिले.

गेल्या भाद्रपदात नितेशचा गणपती तळ्यावर आला तो एकटाच. मागे आरती म्हणायला कोणी नाही. पोरगी एकटी झांज वाजवत होती. रात्री मला म्हणाली, "आजी, खरं बोललं की लोक किती दिस बोलत नाय?" मला उत्तर आले नाही. ते मला अजून सहन होत नाही. हे मृत्युपत्र म्हणजे ते उत्तर आहे.

४. यजमानांचा पाग श्री. कमळाकर ठाकूर यांस देते, म्हणजे पुढच्या वेळी शेजाऱ्याचा न्यायला नको.

५. तळ्यात विसर्जनाला कोणासही मनाई नाही. गणपतीने कोणाचे काय वाईट केले आहे? अट एकच. प्रत्येक घरच्या कर्त्या माणसाने काठावर उभे राहून पिंकीला स्वतःच्या तोंडाने विचारावे, "पिंकी, येऊ का?" खूण, चिठ्ठी किंवा दुसऱ्याकरवी निरोप चालणार नाही. तिने कोणालाही नाही म्हणू नये. श्री. कमळाकर यांचे पहिल्या खेपेस ऐकू आले नाही, असे म्हणण्याची तिला मुभा आहे. बोलणारा प्रत्येक जण वाळीत जाईल हे मला ठाऊक आहे. सगळा गाव वाळीत गेल्यावर वाळीत टाकायला कोण उरते, ते गावकीने पाहावे.

हे मी गेल्यावरच लागू होईल असे वकील म्हणाले. पण कागद येत्या रविवारी देवळात मोठ्याने वाचायला कायद्याची हरकत नाही, असेही म्हणाले.

६. मृत्युपत्राला दोन साक्षीदार लागतात. आमच्या गावात साक्षीदार एकच निघाली होती, तिचे वय बसत नाही आणि तळेही तिलाच आहे. एक तरी सही गावातली हवी म्हणून मी घरोघर फिरले. कोणाला ताप होता, कोणाचा हात दुखत होता. शेवटी रंभा, पिंकी आणि मी अशा तिघीच पेणला आलो.

वकिलांच्या कचेरीत बाकावर बसलो होतो. दारात सीताबाई उभी राहिली, पुढच्या एस.टी.ने आली होती. मला म्हणाली, "काकी, मसाला मीच वाटलावता. मासा कुठला ते मला तवाच ठावं व्हतं." वकिलांनी तिला दोनदा विचारले, घरी सांगून आलात का? ती बाकाकडे आली, पदर सावरला आणि म्हणाली, "पिंकी, सरक गो जरा, मला बसू दे."

पिंकी सरकली.

हे मृत्युपत्रात लिहायचे नसते असे वकिलांचे मत पडले. मी लिहिले आहे.

वरील सर्व मजकूर मी वाचून, समजून, खाली सही केली आहे.

(सही) चंद्रावती काळुराम घरत

साक्षीदार, ज्यांनी माझ्यादेखत व मी ज्यांच्यादेखत सही केली :

१. (सही) सीताबाई कमळाकर ठाकूर, राहणार खारजांभळे. स्वखुशीने.

२. (सही) सखा विठू मोकल, वकिलांचे कारकून, राहणार रोहा. मासे खात नाहीत.

ठिकाण : पेण
दिनांक : १२ ऑगस्ट १९९६