ओळखीच्यांसाठी अलर्ट नको

१ नोव्हेंबर, शनिवार

आजपासून रोजनिशी. कारण गंभीर आहे. 'चौथी आँख' नावाची नवी मालिका आजपासून सुरू झाली आणि माझे डोळे उघडले. शहरभर कॅमेरे आणि त्यांच्यामागे 'संजय' नावाची एआय. माणूस नुसता रस्ता ओलांडताना दिसला तरी संजय सांगतो, हा उद्या गुन्हा करणार. त्यातला एसीपी म्हणतो, "चेहरा झूठ बोलता है, चाल नहीं." मी टाळी वाजवली. सिंधूने स्वयंपाकघरातून विचारलं, काय पडलं?

उभा जन्म कारखान्यात इन्स्पेक्शनला काढला. केसाएवढी चीर असलेला पार्ट माझ्या हातून कधी पास झाला नाही. आणि माझ्या स्वतःच्या घरावर नजर कुणाची? कुणाचीच नाही! अशोका गार्डनसारखी गजबजलेली वस्ती, पलीकडे रेल्वेलाइन. खालच्या तिवारीजींच्या चपला गेल्या महिन्यात जिन्यातून गेल्या. सुरुवात चपलांपासूनच होते.

संकल्प: घराला एआयवाले कॅमेरे. लगेच.

सिंधू म्हणाली, "महाभारतातला संजय कुणाला सांगत असे, ते आठवतं ना?" तंत्रज्ञानात पुराणं आणू नयेत, असं तिला समजावलं.

४ नोव्हेंबर, मंगळवार

कॅमेरेवाला येऊन गेला. पराग सोनटक्के, मूळचा इंदूरचा. मराठी आहे, पण ऐकवत नाही. म्हणाला, "काका, हे खुद सीखतं. जो चेहरा रोज दिसला तो घरचा. बरेच दिवस दिसला नाही, तर भूलून जातं. आणि हर कॅमेऱ्याची याददाश्त अलग."

एक दारावर, एक हॉलमध्ये, एक स्वयंपाकघरात. तिसऱ्याला पराग कचरला. किचनमध्ये काकू असतात, तिथे कशाला, म्हणाला. बायकांचे दागिने डाळीच्या डब्यात असतात हे प्रत्येक चोराला ठाऊक असतं, शिवाय देवघरही तिथेच आहे, असं मी त्याला सांगितलं. सिंधू म्हणाली, "मला स्वयंपाकघरात तरी नको. खामखा परेशानी." तिला मी सगळी सिस्टिम पहिल्यापासून समजावली. शेवटी ती काही बोलली नाही, म्हणजे पटलं.

सिंधू ओट्याशी हलली की माझा फोन वाजायचा. म्हणून एक सेटिंग चालू केलं: 'ओळखीच्यांसाठी अलर्ट नको'. आता फक्त परका माणूस दिसला तरच वाजेल. किती विचार केलाय या लोकांनी!

७ नोव्हेंबर

कॅमेऱ्याला स्पीकरही आहे. सोफ्यावरून फोनमध्ये बोललो, "सिंधू, गॅस बारीक कर." तिच्या हातून झारा पडला. पण गॅस बारीक झाला. दूध वाचलं.

दुपारी पुन्हा बोललो, मीठ घातलंस का? उत्तर आलं नाही. बहुतेक माइक मंद आहे. परागला फोन करायचा.

९ नोव्हेंबर, रविवार

ॲप रोज संध्याकाळी अहवाल देतं. जेवताना सिंधूला प्रेमानं सांगितलं की आज तू बराच वेळ स्टुलावर नुसती बसून होतीस, खिडकीबाहेर बघत. तब्येत बरी आहे ना? काळजीनंच विचारलं. तिने हातातला घास ताटात ठेवला आणि उठून हात धुतला. ॲसिडिटी असावी.

संकल्प: तिला रोज सकाळी जिऱ्याचं पाणी. तिनेच करून घ्यावं.

१२ नोव्हेंबर

छेडछाड! दुपारी स्वयंपाकघराचं चित्र एकदम काळं पडलं. शनिवारच्या भागात टोळीने अगदी असंच केलं होतं, आधी डोळा झाकायचा आणि मग हात मारायचा. पळत स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेलो. कॅमेऱ्यावर ओलं फडकं होतं. सिंधू म्हणाली, वाळत घातलंय. फडक्यांसाठी बाल्कनीत दोरी आहे, हे तिला दाखवलं.

मग ती म्हणाली की तो कॅमेरा काढा. तिसऱ्यांदा म्हणाली. मी हटवादी माणूस नाही. रविवारी काढतो, असं कबूल केलं. परिस्थिती नॉर्मल असली तर.

१६ नोव्हेंबर, रविवार

परिस्थिती नॉर्मल नाही. पितळी खलबत्ता नाहीसा झाला आहे.

ओट्याच्या कोपऱ्यात असायचा. तिथे आता नुसता गोल डाग उरलाय. तीनही कॅमेरे चालू आहेत आणि फोन एकदाही वाजला नाही. अहवाल म्हणतो, 'कोणतीही संशयास्पद हालचाल नाही.' याचा अर्थ एकच. माणूस पट्टीचा आहे.

अशा वेळी कॅमेरा काढणं म्हणजे चोराला आवतण देणं. सिंधूला तसं सांगितलं. ती हसली. बऱ्याच दिवसांनी हसली, पण मला ते हसू आवडलं नाही.

१९ नोव्हेंबर

पितळी डाव गेला. देवापुढची समईही गेली. आमच्या घराण्यातली मोठी समई आहे तशीच आहे, तिच्याशेजारची छोटी गेली. चोर निवडून नेतोय. महागाचं सोडतो आणि जुनं-पुराणं नेतो. अँटिक्सचा धंदा असणार.

दुपारभर हॉलमध्ये बसून तीनही चित्रं बघितली. रिकामं दार. रिकामा हॉल. स्वयंपाकघरात सिंधू, पाठमोरी, काहीतरी पुसत होती. खरं सांगायचं तर भीती वाटली. घरात कुणीतरी आहे, रोज आहे, आणि कॅमेऱ्याला ते दिसतंय तरी तो बोलत नाही.

सिंधू हल्ली दुपारची तिच्या मैत्रिणीकडे जाते. शालिनी, ग्वाल्हेरची, दोघी लहानपणी तिथल्या एका शाळेत होत्या. तुलसी नगरला सरकारी क्वार्टरमध्ये राहते, भाऊ सेक्रेटरिएटमध्ये आहे. म्हटलं, टोळी फिरतेय, एकट्या बाईनं सांभाळून जावं. पिशवी मीच खाली रिक्षापर्यंत नेऊन दिली. भलतीच जड होती. काय आहे विचारलं तर म्हणाली, "डाळ."

२३ नोव्हेंबर, रविवार

देवघरातला बाळकृष्ण गेला.

लोण्याचा गोळा घेतलेला, रांगणारा, एवढासा. सिंधू रोज त्याला आंघोळ घालते, थंडीत अंगरखा शिवते. मला वाटलं आता ती कोसळणार. मी खांद्यावर हात ठेवायच्या तयारीत होतो. पण डोळ्यांतून टिपूस नाही. उलट मलाच विचारलं की तो आपल्याकडे कुठून आला, आठवतं का? म्हटलं, दुकानातून, अजून कुठून? चौकातल्या सराफाकडून घेतला असेल. ती माझ्याकडे बघत राहिली. मग विचारलं, "आणि अजून काय काय गेलंय असं वाटतं तुम्हाला?"

तपासात असा प्रश्न उपयोगी असतो. नीट विचार केला. म्हटलं, बस, एवढंच. बाकी सगळं जागच्या जागी आहे.

ती "बरं" म्हणाली आणि कणीक मळायला लागली. आज कॅमेरा काढायचा राहिला.

२६ नोव्हेंबर

केस फुटली!

सिंधूबरोबर तुलसी नगरला गेलो. तिला नको होतं, पण मी हट्ट धरला. शालिनीने चहा आणला. मी सहज उठून आतल्या खोलीत डोकावलो तर देव्हाऱ्यात आमचा बाळकृष्ण! अंगात सिंधूने शिवलेला जांभळा अंगरखा. शेजारी छोटी समई. ओट्यावर खलबत्ता. बाई सरळ सरळ चोरीचा माल घेते!

चेहऱ्यावर काही दाखवलं नाही. एसीपी असंच करतो. सिंधू मात्र पांढरीफटक पडली होती, बिचारीनेही ओळखलं असणार. मी तिला डोळ्यांनीच खूण केली की घाबरू नकोस, मी आहे.

आत नवीन कॉट टाकलेली, खिडकीला नवे पडदे. हे कुणासाठी, मी सहज विचारलं. शालिनी कपाकडे बघत म्हणाली, "एक जण यायची आहे राहायला." म्हणजे साथीदार येतेय! स्वतःच्या तोंडानं बोलून गेली.

परतताना रिक्षात सिंधूला म्हटलं, काही बोलायचंय का? ती म्हणाली, हो. तेवढ्यात मला शालिनीच्या चालण्याचा मुद्दा सुचला. ती डावा पाय जरा ओढते. घरी येईपर्यंत सिंधूला तो सगळा मुद्दा समजावला. ती काय बोलणार होती ते राहूनच गेलं. पुन्हा विचारायचं.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

चौकीवर गेलो. इन्स्पेक्टर तरुण होता, ऐकून घेतलं. मी गायत्री मंत्रासारखी सगळी केस म्हणून दाखवली. त्यानं एकच विचारलं, "अंकल, घर में और कौन-कौन हैं?" म्हटलं, मिसेस. "आंटीजी से पूछा आपने?" म्हटलं, तिला काय विचारायचं, ती काय म्हणेल ते मला आधीच माहीत असतं. त्यानं पेन खाली ठेवलं. म्हणाला, एक बार बैठ के बात कर लीजिए, फिर आइए. लिहून काही घेतलं नाही.

घरी आलो तर पुण्याहून स्वरदाचा फोन. लेक कधी कामाच्या दिवशी फोन करत नाही. म्हणाली, बाबा, आईच्या स्वयंपाकघरातला कॅमेरा आज काढा. आज. म्हटलं, रविवारी काढतोच आहे. मग म्हणाली, "बाबा, प्लीज आईशी बोला."

सगळे एकच वाक्य बोलतायत. इन्स्पेक्टर, लेक. यामागे कुणीतरी एक डोकं असलं पाहिजे.

संकल्प: उद्या शेवटचा भाग आहे. तो झाला की सिंधूशी शांतपणे बोलायचं. परवा सकाळी उठल्या उठल्या कॅमेरा काढायचा. स्टूल बघून ठेवलं आहे.

२९ नोव्हेंबर, शनिवार

शेवटचा भाग बघितला. मुळीच पटला नाही. सगळ्या शहराला संशयात घेऊन शेवटी संजय बोट कुणाकडे दाखवतो, तर पडद्यासमोर बसलेल्या एसीपीकडे! लेखकाची अक्कल संपली की असंच होतं.

मधे सिंधू दारात आली होती. हातात नेहमीची पिशवी. "जाते मी," म्हणाली. मी पडद्यावरची नजर न काढता "हं" म्हटलं. निघताना 'येते' म्हणावं, जाते म्हणू नये, हे एवढ्या वर्षांत कुणी शिकवलं नसेल का तिला? ब्रेकमध्ये सांगू म्हटलं. ब्रेक लागला तेव्हा ती जिना उतरून गेली होती.

फोन वाजला नाही. ओळखीचीच होती.

बोलायचं उद्या.

३० नोव्हेंबर, रविवार

आली नाही.

सकाळी स्वरदाचा फोन आला. आई शालिनीमावशीकडे आहे, ठीक आहे, तिकडेच राहणार आहे. मी म्हटलं, ते घर चोरांचं आहे. स्वरदा रडत होती की चिडली होती, कळलं नाही. म्हणाली, "बाबा, आईने तुमचं काही नेलं नाही. ग्वाल्हेरच्या आजीने तिला लग्नात जे दिलं होतं, तेवढंच नेलंय."

फोन ठेवून देवघराकडे गेलो. अन्नपूर्णा नव्हती. तिची तांदळाची वाटी होती, तांदूळ तसेच, मधे तिच्या बैठकीएवढा खळगा. लग्नात गौरीहरापाशी सिंधू हिचीच पूजा करत बसली होती, पिवळ्या साडीत. हे मला आठवतं. मग बाळकृष्ण कुठून आला ते त्या दिवशी का आठवलं नाही?

चहा करावा म्हणून दूध तापत ठेवलं. साखर कुठल्या डब्यात असते ते सापडेना. एकेक झाकण उघडत होतो तेवढ्यात खिशातला फोन वाजला. ते सेटिंग चालू केल्यापासूनचा पहिलाच अलर्ट. म्हटलं, आली.

'सावधान. स्वयंपाकघरात अनोळखी व्यक्ती.'

खाली फोटो. बनियन घातलेला एक म्हातारा, हातात डाळीचा डबा.

फोटोखाली ॲपनं विचारलं होतं, ही व्यक्ती घरातली आहे का? हो आणि नाही अशी दोन बटणं होती. कॅमेऱ्याकडे बघून म्हटलं, सिंधू. त्याचा स्पीकर इकडून तिकडे बोलतो, तुलसी नगरपर्यंत जात नाही.

बटणावर बोट धरून बराच वेळ उभा होतो. मागे दूध उतू गेलं.