तांदळातलं नाव

मंगळवार, १२ जानेवारी १९९३
नवीन जालना

लग्नात ताटातल्या तांदळावर यांनी अंगठीनं 'वर्षा' लिहिलं, तेव्हा मी केवढी हरखले होते! माझ्यासाठी एवढं गोड नाव शोधलं म्हणून. माहेरची कांता त्या ताटातच संपली.

आज दुपारी नणंद आल्ती. मेथी निवडता निवडता बोलून गेली, "वहिनी, तीर्थपुरीला दादाच्या वर्गात ती वर्षा होती ना. तिच्या बापानं न्हाई म्हणलं, मंग तुमचं ठरलं." तिला वाटलं, मला माहीत आहे.

म्हणजे आठ महिने मी दुसरीच्या नावाला ओ देत होते? तांदळावर अंगठी फिरवताना यांचा हात जरासुद्धा अडखळला नव्हता. मी बघत होते ना!

संध्याकाळी हे कामावरून आले आणि अंगणातल्या न्हाणीत गेले. टॉवेल विसरले.

"वर्षा, टॉवेल दे."

मी तांदूळ निवडत होते. निवडतच राहिले.

"वर्षा! ऐकू येत न्हाई का?"

घरमालकीण भाभी दारात येऊन बघून राह्यल्या. बघू दे. मी मोठ्यानं म्हटलं, "वर्षा तीर्थपुरीला राहते. इथं त्या नावाचं कुणी न्हाई."

मग आतून बारीक आवाज आला, "कांता... थंडी वाजून राह्यली गं."

यांच्या तोंडून माझं नाव पहिल्यांदाच ऐकलं. गोड लागलं, आणि तेच जास्त झोंबलं.

ट्रंकेत कोरडा टॉवेल होता. मी दोरीवरचा दिला, ओलागच्च.