वर्षाच्या आत

१२ डिसेंबर १९८६, शुक्रवार. बोईसर.

रजा टाकून सकाळी नीलाला पालघरला घशाच्या डॉक्टरांकडे नेले. टॉन्सिल काढावे लागतील म्हणाले. मी विचारले, उन्हाळ्याच्या सुट्टीपर्यंत थांबलो तर? ते म्हणाले, झोपेत हिचा श्वास अडतो का? अडतो. घोरता घोरता मध्येच सगळे शांत होते. मग जानेवारीतच करा, म्हणाले.

घरी सासूबाई नवापूरहून आल्या होत्या. नीलाच्या आईला, सुमनला जाऊन अजून वर्ष झालेले नाही. "वरसाच्या आत घरातल्या मानसाला सुरी लावायची नाय. आषाढ सरू द्या, मंग मी नाय म्हनायची नाय." हे मला पटते का? पटत नाही. पण मोडायला हात धजत नाही.

दुपारी त्या नीलाला कुशीत घेऊन झोपल्या. मी बाहेर पेपर वाचत होतो. घोरणे थांबले. मीही थांबलो, नेहमीसारखा. शेवटी शेवटी सुमनच्या उशाशी असाच ऐकत बसायचो. तेवढ्यात आतून हाक आली, "जावयबापू, पोर श्वास घेत नाय!"

नीला उठून चिडली. "आजी, तूच जास्त घोरतेस."

त्या हसल्या नाहीत. संध्याकाळी एसटीत चढताना म्हणाल्या, "तुमी न्या तिला. वरसाचं सुमनला मी सांगेन."

म्हणजे जानेवारी.

आईने लावलेल्या सवयीने नीलाने मिठाच्या पाण्याच्या गुळण्या केल्या आणि झोपली. आत्ता आत पुन्हा शांत झाले. मग सुरू झाले.

तिचा पेला धुतला आणि पालथा घातला.